तीस पोती पाला

एल-गरस
७ फेब्रुवारी १९९९

सामतर,

सलाम घे. पोचले. तुझ्या विमानामुळे नाही, अल्लाच्या कृपेने. तुझ्या विमानाने जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता.

"खिडकीची जागा ठेवलीय आत्या, ऐटीत जा," म्हणाला होतास ना? खिडकी होती, जागा नव्हती. खुर्च्या उपटून ठेवलेल्या आणि आत छताला भिडलेली त्या नशेच्या पाल्याची पोती. तुझ्या कारकुनाने आधी मला बकऱ्या तोलायच्या काट्यावर उभं केलं, मग माझ्या बापजाद्यांची सात नावं वदवून घेतली, आणि म्हणतो कसा, "आजी, त्या मागच्या पोत्यावर बसा, ते जरा मऊ आहे." आजी! मेल्याचे स्वतःचे केस पांढरे झालेत.

मोगादिशूपासून इथपर्यंत मी त्या ओल्या पोत्यावर बसून आले. चालवणारा परदेशी, पायात सपाता, अख्खी वाट केळी खात होता. धावपट्टीवर उतरलो तर आमच्या गावचे वीर धावत आलेले. अजान झाली की कूस बदलणारे हे लोक, सामतर, पण पाला आला म्हटल्यावर काय पळतात! आधी पोती उतरवली. मला एकाने हात दिला, तोही मी त्याच्या पोत्यावरून उठावं म्हणून. त्या हाताचा मालक आपला जावई रोबले होता.

आणि नाव काय, तर गोरायो एअर! शहामृग! अरे, शहामृगाला उडता येत नाही हे आमच्या माळावर शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. तुमच्या त्या मालकाला, हाजी वारफाला, विमानावर काढायला दुसरा पक्षी मिळाला नाही?

आता कामाचं. तुमच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंना भेटून आले ते तुला सांगितलंच आहे. माझ्या लेकीचं, हिबाकचं, पहिलं मूल इथे अडून गेलं, ती कशीबशी वाचली. बाई म्हणाल्या, या खेपेला कळा सुरू व्हायची वाट बघू नका, मे संपायच्या आत तिला इथे आणा, पोट कापून मूल काढावं लागेल. रस्त्यावर बंदुकवाल्या पोरांचे नऊ नाके आहेत. पोटुशी बाई तिथून नेणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. उरलं तुझं शहामृग. म्हणून सरळ विचारते: हे विमान एल-गरसला माणसांसाठी येतं की पाल्यासाठी?

दहबो आत्या

*

गोरायो एअर
सर्वसामान्यांचं आकाश
मोगादिशू, १९ फेब्रुवारी १९९९

आदरणीय आत्यास,

तुझं पत्र मिळालं. तुला झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनीच्या वतीने खेद व्यक्त करतो. त्या दिवशी खुर्च्या धुवायला काढल्या होत्या.

आत्या, तू मला अजून तोच नाक पुसणारा सामतर समजतेस. मी आता प्रादेशिक व्यवस्थापक आहे. माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. देशात सरकार नाही, रस्ते नाहीत, टपाल नाही. अशा वेळी सगळ्यांत कमी भाड्यात गरिबाला आकाशात नेणारी कंपनी आमची आहे. शहामृग हाजीसाहेबांनी मुद्दाम निवडलं. पूर्वी लढवय्ये त्याची पिसं केसांत खोवायचे. तुला ते कळायला हवं होतं.

पाल्याचं म्हणशील तर तो जोडमाल आहे, विमानात जागा उरते म्हणून नेतो. उद्या एल-गरसला पाल्याचं एक पान गेलं नाही, तरी आमचं विमान दर शनिवारी तिथे उतरणार म्हणजे उतरणार. हा माझा शब्द आहे, आणि खाली शिक्का मारला आहे.

सुरक्षिततेची काळजी करू नकोस. देव न करो, पण विमान पडलंच तर हाजीसाहेबांची जमात रिवाजाप्रमाणे भरपाई देईल, पुरुषामागे शंभर उंट, बाईमागे पन्नास.

हिबाकची जागा माझ्याकडे लागली.

आपला
सामतर
प्रादेशिक व्यवस्थापक

*

एल-गरस
२७ मार्च १९९९

व्यवस्थापकसाहेब,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की हिबाकला वाटलं मला उचकी लागली. पडलो तर पुरुषाचे शंभर उंट आणि बाईचे पन्नास? मग भाडं का रे पुरं घेता? जीव अर्धा, तर भाडंही अर्धं घे. विचार तुझ्या हाजीला.

पण एका गोष्टीसाठी तुझे उपकार मानते, आणि ते मी कधी मानत नाही, तुला माहीत आहे. पाला आला नाही तरी विमान येणार, हे तू लिहून दिलंस ते फार बरं केलंस.

तुला इथली गत ठाऊक आहे. दुपार झाली की गावातला एकूण एक बाप्या भिंतीला टेकून गालात पाल्याचा गोळा धरून बसतो. सूर्य बुडेपर्यंत यांनी मोगादिशू जिंकलेलं असतं, सरकार बसवलेलं असतं, चार बंदरं बांधलेली असतात. सकाळी विहिरीतून बादलीभर पाणी ओढायचं म्हटलं की कंबर धरते. बकरी विकली की पैसा पाल्यात. रोबलेने तर हिबाकच्या आहेराची दुभती सांडणी विकून चघळली. बकऱ्यांनी खायचा पाला माणसं खातात, आणि बकऱ्या विकून खातात!

तर आम्ही बायकांनी चुली बंद केल्या. एकाही घरात अंजेरोचं धिरडं भाजलं गेलं नाही. पुरुष आधी हसले. मग शेजारच्या घरी गेले, तिथली चूल थंड. मग चिडले. चौथ्या दिवशी शेख आणि म्हातारी मंडळी झाडाखाली बसली. मला बोलावलं. त्यांचं म्हणणं एकच: "दहबो, पाला बंद केला तर विमान बंद होईल. आजारी माणूस न्यायचा कसा?"

मी तुझं पत्र काढलं. मोठ्याने वाचलं, शिक्का सगळ्यांना दाखवला. "माझा भाचा लिहितो," म्हटलं, "आणि तो काही पाला खाऊन लिहीत नाही." एल-गरसला पाला उतरणार नाही, असा निकाल झाला. गेल्या शनिवारी आलेली पोती आम्ही धावपट्टीवरच पेटवली. ओला मुडदा जळता जळेना, रॉकेल घालावं लागलं. जळला नाही तो बकऱ्यांनी खाल्ला आणि मग त्याही यांच्यासारख्या डोळे तारवटून उभ्या राहिल्या.

आज तुझ्या केळेवाल्याने पोती आणली तशी परत नेली. त्याच्याच हाती हे पत्र देते आहे.

रोबलेचं सांगते. पहिले काही दिवस नुसता थरथरत, ओरडत होता. मला वाटलं जातोय हा. आता पहाटे उठून विहिरीवर जातो. काल उंटांना पाणी पाजताना गात होता, सामतर. लग्नाआधी गायचा तसा. हिबाक कुडाआडून ऐकत होती आणि तोंडावर पदर घेऊन हसत होती. मी त्या माणसाचं तोंड बघत नव्हते, काल त्याला माझ्या हाताने दूध दिलं.

मेच्या पहिल्या शनिवारी हिबाकची जागा धर. पोत्यावर नको, खुर्चीवर.

दहबो आत्या

*

मोगादिशू
५ एप्रिल १९९९

आत्या,

हे पत्र बकऱ्यांच्या ट्रकवाल्याकडे देतो आहे, कारण विमानाला थोडं तांत्रिक काम निघालं आहे. एखाद-दोन शनिवार पुढेमागे होतील. काळजीचं कारण नाही.

तुम्ही बायकांनी केलं ते चांगलंच केलं, त्याबद्दल अभिनंदन. फक्त एवढंच वाटतं, जरा घाई झाली का? एकदम सगळं बंद करण्यापेक्षा हळूहळू करता आलं असतं. समजा, पंधरा पोती येऊ दिली तर? म्हातारी माणसं आहेत, त्यांना सवय आहे, एकदम तोडणं तब्येतीलाही बरं नाही म्हणतात. शेखना विचारून बघ. माझं नाव घेऊ नकोस.

रोबलेला सलाम.

सामतर

*

एल-गरस
२ मे १९९९

सामतर,

म्हाताऱ्यांच्या तब्येतीची एवढी काळजी तुला कधीपासून लागली? तुझा सख्खा आजा मेला तेव्हा तू दुसऱ्या दिवशी आलास.

विमान नाही. मार्चनंतर एकदाही नाही. दर शनिवारी मी हिबाकला घेऊन धावपट्टीवर जाते, दुपारपर्यंत काटेरी झाडाखाली बसतो आणि परत येतो. काल तुझं तांत्रिक काम मी डोळ्यांनी पाहिलं. विमान आलं, आमच्या डोक्यावरून गेलं, इतक्या खालून की शेपटीवरच्या शहामृगाचे पाय मोजता आले असते. ते गेलं पुढच्या गावाला, जिथे पाला चालतो. हिबाकने हात हलवला. तिला वाटलं, वळून येतंय.

पुरुष मला तोंडावर बोलत नाहीत, पण मी गेले की हसतात. "दहबोचा भाचा व्यवस्थापक आहे म्हणे." बायका हसत नाहीत, ते जास्त लागतं. ज्यांच्या चुली मी बंद केल्या त्या आता माझ्याकडे बघतात आणि मग हिबाकच्या पोटाकडे बघतात.

पोरीचे पाय सुजलेत. सुईण म्हणते, मूल आडवं आहे. रोबले म्हणतो, मी तिला उंटावरून नेतो. मी म्हटलं, नऊ नाक्यांतून? त्याने अजून पाला तोंडात घातलेला नाही, सांगून ठेवते.

तारवाल्याच्या रेडिओवरून बोलले असते, पण त्या झोपडीत अख्खं गाव कान लावून बसतं, आणि माझी फजिती मला त्यांना ऐकवायची नाही. म्हणून हे लिहिते. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. खरं काय ते लिही. शिक्का मारू नकोस, तुझ्या शिक्क्यावर मी आता थुंकतसुद्धा नाही.

आत्या

*

मोगादिशू
१२ मे १९९९

आत्या,

शिक्का मारला नाही. खरं लिहितो.

विमान माणसांसाठी येत नाही. कधीच येत नव्हतं. शनिवारी सकाळी नैरोबीहून पाला इथल्या धावपट्टीवर येतो. तो दुसऱ्या दिवशी सुकतो, मग त्याला कोणी विचारत नाही. म्हणून त्याच्यामागे धावायचं असतं. गावागावाला पोती टाकायची आणि परत यायचं. परत येताना विमान रिकामं असतं, म्हणून आम्ही माणसं भरतो. तुम्ही देता त्या भाड्यात, आत्या, एका बाजूचं इंधनही निघत नाही. भाडं कमी आहे ते तुम्ही गरीब आहात म्हणून नाही, तुम्ही परतीचं सामान आहात म्हणून. सर्वसामान्यांचं आकाश ही ओळ मी सुचवली होती, हाजीसाहेबांना फार आवडली.

तू पत्रात असं टोचलंस की मला मोठं व्हावंसं वाटलं. तू ते झाडाखाली वाचशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या हाताखाली चार माणसं नाहीत, एकच आहे, तो काट्यावरचा कारकून.

हिबाकचं सांगून हाजी वारफांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. ते म्हणाले, "एल-गरसची तीस पोती लिहून आली तर शनिवारी विमान. नाही आली तर माझी आई तिथे अडकली असली तरी नाही." दुसऱ्या दोन कंपन्यांकडे गेलो, तेही हेच बोलले, फक्त आईचं नाव घेतलं नाही.

आणखी एक अट आहे. तुम्ही मागे पोती जाळलीत, त्यामुळे गावच्या कोणत्याही बाप्याच्या शब्दावर ते पाला द्यायला तयार नाहीत. पोती तुझ्या नावावर हवीत. तू स्वतः उतरवून घ्यायची, तू विकायची. तारेवर येऊन सगळ्यांच्या देखत सांगायचं, म्हणजे गावाला नंतर मोडता घालता येणार नाही, असं ते म्हणाले.

ज्या गुरुवारपर्यंत सांगशील त्याच शनिवारी विमान निघेल. आत्या, लवकर कर. मला शिव्या नंतर दे.

सामतर

*

तारेवरचा निरोप
एल-गरसहून मोगादिशू, गुरुवार, २० मे १९९९
(तारवाल्याने ऐकलं तसं लिहून घेतलं)

सामतर? ऐकू येतंय? दहबो बोलतेय. तीस पोती. तीस म्हटलं, तीन आणि शून्य. माझ्या नावावर. हो, पाला. मोठ्याने सांगतेय ना, आणखी किती मोठ्याने सांगू? इथे सगळे उभे आहेत, सगळ्यांनी ऐकलंय, दात काढून झाले की घरी जातील. शेखही आहेत, ते जमिनीकडे बघतायत. पैसे माल विकल्यावर. शनिवारी हिबाकला न्यायचं, तिच्या बापाचं नाव विचारत बसायचं नाही, काट्यावर उभं करायचं नाही. खुर्ची लावायची. एक. बास. तारवाल्या, बंद कर ते.

*

मोगादिशू
११ जून १९९९

आत्या,

रेडिओवर सांगितलं होतंच, पण आता सावकाश लिहितो. मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी पोट कापलं, रक्त बरंच गेलं, मी आणि त्या कारकुनाने रक्त दिलं. बाई म्हणाल्या, आणखी आठवडा उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. आता हिबाक चालते, जेवते, मला टोमणे मारते. तुझ्यावर गेलीय. मुलीचं नाव तू ठेवायचं म्हणते.

विमानात तिच्यासाठी खुर्ची मी स्वतः नट लावून बसवली होती.

हाजीसाहेब तुझ्यावर खूश आहेत. त्यांना वाटलं होतं तू एकदाच पोती घेशील. पण तुझी तर दर शनिवारची मागणी येते आणि पैसेही वेळेवर. म्हणाले, "अशी एक बाई प्रत्येक गावात हवी." त्यांनी तुला सलाम सांगितला आहे.

हिबाक रोबलेची सारखी आठवण काढते. विहिरीवर जातो का, गातो का, विचारते. तो बरा आहे एवढंच मी सांगितलं. दोन आठवड्यांनी तिला परत पाठवायचं म्हणतो. तू काय म्हणतेस?

सामतर

*

एल-गरस
१९ जून १९९९

सामतर,

नातीचं नाव देका ठेव. माझ्या आईचं.

हाजीचा सलाम त्याला परत दे. म्हणावं, एवढ्या लांब आला होता, वाटेत सुकला.

तुला वाटत असेल मी एकदाच पोती घेऊन थांबेन. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या शनिवारी हिबाक गेली, पोती माझ्या अंगणात पडली, आणि ज्यांना मी नामर्द म्हटलं होतं ते सगळे दारात रांगेने उभे. हात पुढे केले. मी जुड्या वाटल्या, पैसे घेतले, संध्याकाळी हात राखेने घासले आणि ठरवलं, झालं. सोमवारी खालच्या वस्तीवरची बाई आली. तिच्या नवऱ्याच्या मांडीत नाक्यावरची गोळी बसली होती, पाय काळा पडलेला. "दहबो, या शनिवारी विमान येणार ना?" काय सांगू तिला? परत तीस पोती. त्याच्या पुढच्या आठवड्याला शेखचीच सून. शेख स्वतः नाही आले, बायकोला पाठवलं. आज एक म्हातारा, लघवी अडलेला. कोणीतरी असतंच रे. मेल्यांना विमान हवं असतं तेव्हा माझं दार दिसतं, विमान गेलं की माझ्या दारावरून जाताना बायका पदराने नाक झाकतात. ज्या बाईने माझ्याबरोबर रॉकेल ओतलं ती माझ्या सावलीत उभी राहत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही राहिले नसते.

धंदा मात्र मला जमतो. गोणपाट ओलं करून पाल्यावर घालते, देठ करकरीत राहतात. दुपारपर्यंत एक जुडी उरत नाही. उरून चालत नाही, उरली तर पुढच्या शनिवारची पोती कमी होतील आणि विमान पुन्हा वरून जाईल.

तुला तुच्छ मानायचं एक सुख होतं मला, सामतर. तेही गेलं. आता आपण एकाच दुकानातले.

हिबाक रोबलेचं विचारते म्हणतोस. पहिल्या शनिवारी तो आला नाही. दुसऱ्या शनिवारी समोरच्या भिंतीपाशी उभा राहिला आणि निघून गेला. मी रात्री जेवायला बोलावलं, आला नाही. गेल्या शनिवारी रांगेत उभा राहिला. मी त्याला पाहिलं, त्याने मला पाहिलं. मी म्हटलं, "घरी जा." तो म्हणाला, "आई, तुम्ही सगळ्यांना देता." मागून लोक ओरडायला लागले, ऊन वाढत होतं, पोत्याच्या तळाशी दोन जुड्या उरल्या होत्या.

हिबाकला रोबले बरा आहे असं सांगू नकोस. तुझ्या गोड बोलण्याने आपण इथवर आलो. तो पुन्हा पाला खातो असं सांग. कोणाकडून घेतो असं ती विचारेल. जुडी आईने हातात दिली असं सांग. मग यायचं की नाही ते तिचं ती ठरवील, मी बोलवणार नाही.

पुढच्या शनिवारची तीस पोती लिहून घे. परतीला एका बाळंतिणीची जागा ठेव, ताप उतरत नाही तिचा.

दहबो